गिअरवरची जागा

काळी-पिवळी जीपमधली सगळ्यात वाईट जागा कुठली, हे पैठण रोडवर कुणालाही विचारा. मागच्या फाळक्याला लोंबकळणारा माणूससुद्धा सांगेल, गिअरवरची. ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला खेटून, अर्धं बूड गादीवर आणि अर्धं गादीच्या फटीत, आणि गुडघ्याला टेकलेला गिअरचा दांडा. ड्रायव्हरनं दुसरा टाकला की त्याच्या मुठीची हाडं आपल्या मांडीत रुतायची. पायाखालचा पत्रा कायम तापलेला, कारण गिअरबॉक्स त्या पत्र्याच्या खालीच असतो, इंजिनच्या पाठीला चिकटून, आणि त्याची धग चपलेच्या तळव्यातून वर येते. गाडीत मुंगीला जागा नसली तरी तिथं बाईमाणसाला बसवायचं नाही, असा स्टँडवरचा नेम होता. एखादी बाई उशिरा आली तर दोन गडी निमूट उठून टपावर जायचे, पण तिला गिअरवर बसू द्यायचे नाहीत. बाकी बाबतीत हेच गडी काही फार सोवळे नव्हते, पण हा नेम पाळायचे.

त्या जागेवर मी एक अख्खा उन्हाळा बसले. माझे वडील गाडी चालवायचे आणि गिअर मी टाकायची. हे काही हौसेनं केलं नाही. दुसरा इलाजच उरला नव्हता.

माझ्या वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. निजामावरच्या पोलिस ॲक्शनच्या वेळी ते शेंबडं पोर होते. पुढं भावांच्या हाताखाली शेतात राबण्यापेक्षा ते शहरात आले, दुसऱ्यांचे ट्रक चालवले, आणि म्हातारपण दिसायला लागल्यावर स्वतःची जीप घेतली. शहरातून चितेगाव, बिडकीन, पैठण अशी त्यांची लाइन. आम्ही शहागंजच्या मागच्या एका गल्लीत राहायचो आणि जीप दारातच उभी असायची, इतकी दारात की आईला उंबऱ्यावर रांगोळी काढायची तर बंपरखाली वाकावं लागायचं. अण्णांना देवाधर्माचं फारसं नव्हतं. अभिमान मात्र एका गोष्टीचा होता. गिअर टाकताना त्यांच्या गाडीचा आवाज येत नसे. "मागं निजलेलं लेकरू गिअर बदलताना जागं झालं, तर त्या डायवरनं घरी बसावं," असं ते म्हणायचे. दुसऱ्या कुणाच्या गाडीतून खर्रर्र आलं की कुणी ताटात थुंकल्यासारखं तोंड करायचे.

एका सकाळी चहा पिताना त्यांच्या डाव्या हातातून बशी पडली. आई रागावली. अण्णांनी बशीकडं बघितलं, हाताकडं बघितलं, आणि काहीतरी बोलायला गेले तर तोंड वाकडं झालं. लकवा मारला होता.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंड बरंचसं सरळ झालेलं होतं. डावा पाय थोडा ओढत का होईना, चालत होता. हात मात्र गेला तो गेलाच. खांद्यापासून खाली नुसता लोंबायचा. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की पाय आला हेच नशीब समजा, हाताची आशा धरू नका. आईनं ते मला सांगितलं आणि अण्णांना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं, जणू काही त्यांना ते कळलंच नव्हतं.

मग नातेवाईक आले. प्रत्येकाकडं एक औषध होतं आणि प्रत्येकाचं औषध दुसऱ्याच्या औषधाच्या विरुद्ध होतं. एकानं कबुतराच्या रक्तानं चोळायला सांगितलं. एकीनं कुठल्याशा बिया उगाळून दिल्या, त्यानं हातावर फोड आले. आजारी माणसापेक्षा समाचाराला आलेल्यांनीच आईच्या नाकी नऊ आणले. त्यातले माझे मामा तेवढे व्यवहाराचं बोलले, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. ते म्हणाले, "दाजी, आता गाडी ठिवून काय करता? उभ्या उभ्या गंजून जाईल. पावसाळ्याच्या आत ईकून टाकू. गिऱ्हाईक म्या बघतो."

मामा गेल्यावर अण्णा उठले, पाय ओढत जीपपर्यंत गेले, स्टिअरिंगमागं बसले आणि दार लावून घेतलं. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर दारातल्या बंद जीपमध्ये माणूस बसून आहे, क्लच दाबतोय, सोडतोय, आणि डाव्या बाजूच्या दांड्याकडं बघतोय. गल्लीतली पोरंसुद्धा त्या बाजूनं खेळायची बंद झाली. एकदा मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "बाई, हात गेला म्हंजी मी गेलो. तुम्ही उगाच ताटं वाढायलात."

त्या दिवशी आईनं घरातलं ढेकणाचं औषध गुपचूप शेजारणीकडं नेऊन ठेवलं. विहिरीकडं जाणारा रस्ता आमच्या दारावरून जायचा, म्हणून आई रात्रंदिवस एक डोळा त्या रस्त्यावर ठेवून असायची. आम्ही दोघी एकमेकींशी या विषयावर एक अक्षर बोललो नाही. पण मला कळत होतं आणि तिलाही. जीप विकली की अण्णा जगणार नाहीत. आणि जीप चालवायला त्यांना हात नव्हता.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. एका सकाळी आई भाजीला गेलेली असताना ते एकटेच जीप घेऊन निघाले. मी धावत मागं. उजव्या हातानं स्टिअरिंग सोडायचं, तोच हात आडवा नेऊन गिअर टाकायचा, पुन्हा स्टिअरिंग धरायचं, असं करत ते गुलमंडीपर्यंत पोचले. तिथं वळणावर हात दांड्यावर असतानाच गाडी आपल्या मनानं गेली आणि एका कापडाच्या दुकानाच्या ओट्याला घासली. कुणाला लागलं नाही. मी पोचले तेव्हा दुकानदार अण्णांना पाण्याचा ग्लास देत होता आणि "होतं असं, बसा जरा" म्हणत होता. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर फार बरं झालं असतं. अण्णा ते पाणी प्यायले, माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

जीप घरी आणायला गल्लीतल्या एकाला बोलवायला लागलं. तो चालवत होता, अण्णा पुढं डाव्या कडेला, आणि मधल्या फटीत, गिअरवर, मी. दुसरी जागाच नव्हती, गाडी उभी राहिल्यापासून मागं घरातलं अडगळीचं सामान भरलेलं होतं. तो पोरगा नवशिका. त्याचा पाय क्लचवर जायचा आणि हात उशिरा यायचा, प्रत्येक गिअरला खर्रर्र. प्रत्येक खर्रर्रला अण्णा डोळे मिटायचे. मी त्या दांड्याकडं बघत होते. दांडा माझ्या उजव्या हाताशी होता. इतका जवळ की हात कुठं ठेवावा हे कळत नव्हतं. घरी येऊन मी अण्णांना म्हटलं, "तुम्ही क्लच दाबा. गिअर मी टाकते."

ते माझ्यावर ओरडले. लकव्यानंतर पहिल्यांदा एवढ्या जोरात ओरडले, की आई आतून पळत आली. गिअरवर बसणार? माझी पोर? स्टँडवरच्या चार गड्यांच्या देखत? त्यापेक्षा गाडी जाळून टाकीन. मी पण त्यांचीच पोर. मी म्हटलं, "जाळा. काडेपेटी आणू का?"

आई मधे पडली. तिनं जे केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती अण्णांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "तिला बसू द्या वं. तुमी आसं बसून राहता त्यापरीस कायबी बरं." तिच्या आवाजात इतकी भीती होती की अण्णांनी तोंड फिरवलं. भिंतीकडं बघतच म्हणाले, "सकाळी चल मैदानावर."

आमखास मैदानावर आम्ही उजाडता उजाडता जायचो. पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सुरूच केली नाही. मला खाली उतरवलं आणि गाडीखाली बघायला लावलं. गुडघे टेकून, मान वाकडी करून मी बघितलं. इंजिनच्या मागं, बरोबर आमच्या बसण्याच्या जागेखाली, तेलानं काळं पडलेलं एक लोखंडाचं खोकं. त्याच्यातून एक जाड नळी मागच्या चाकांकडं गेलेली.

"इंजिन नुसतं बोंबलतं," अण्णा वरून म्हणाले. "चाकाला त्याचं कायबी ऐकू येत न्हाई. मधी हे खोकं हाय म्हणून चाक फिरतं."

"पण करतं काय ते?"

"रसवंतीचा चरक बघितलास ना? ऊस जाड असला की रसवाला काय करतो?"

"हळू फिरवतो."

"हळू फिरवतो, पर जोर लावतो. तो पहिला गिअर. ऊस चिपाड झाला की भरभर फिरवतो, जोर लागतच न्हाई. तो चौथा. आत लहान-मोठी दात्यांची चाकं हायेत. कोणतं चाक कोणाला लावायचं ते हा दांडा ठरवतो. आन् एक दातं दुसऱ्यात घालायचं आसंल तर इंजिनला घडीभर बाजूला करायला लागतं. ते काम क्लचचं. पाय आन् हात एकाच येळी. हात आधी गेला तर दातं घासणार, पाय आधी सुटला तरी घासणार." त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला. "पाय माझा हाय आन् हात तुझा. कसं जमणार, बाई?"

जमलं नाही. बरेच दिवस जमलं नाही. ते "हं" म्हणायचे तेव्हा पाय दाबलेला असायचा आणि मी टाकायला जायची तोवर त्यांचा पाय वर येऊ लागलेला असायचा. खर्रर्र. ते दात खायचे, मी पण. एकदा तर मी दांडा सोडून उतरले आणि मैदानातून पायी घरी निघाले. ते हाका मारत मागून जीपनं आले, पहिल्या गिअरमध्येच, रडत. अण्णांना मी त्याआधी रडताना बघितलं नव्हतं. म्हणाले, "माझ्याच्यानं होत न्हाई, तर तू कशाला पळतीस? मी कुठं पळू?" मी पुन्हा बसले. दुसरं काय करणार?

मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. त्यांच्या "हं"ची वाट बघायची नाही. दांड्यावर तळवा नुसता ठेवायचा. त्यांनी क्लच दाबला की दांड्याची थरथर एकदम मऊ व्हायची, दातं मोकळी व्हायची, आणि ते तळव्याला कळायचं. तेवढ्यात टाकायचा. एका सकाळी आम्ही मैदानाला चार चकरा मारल्या आणि एकदाही आवाज आला नाही. अण्णांनी गाडी थांबवली, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आज स्टँडवर नंबर लावू." मधे कधीमधी त्यांनी मला त्यांच्या जागेवर बसवून स्टिअरिंगही धरायला दिलं होतं, मैदानाला गोल फिरण्यापुरतं. तेव्हा त्याला काही अर्थ नव्हता.

स्टँडवरच्या गाड्या नंबरानं भरायच्या. नंबर सांभाळायला एक म्हातारे चाचा होते, सगळ्या ड्रायव्हरांचे बाप. त्यांनी मला गिअरवर बसलेली बघितलं आणि बिडी तोंडातून काढली. "ये क्या मियाँ? बेटी कू गेर पे बिठाया?" सगळा स्टँड वळून बघायला लागला. अण्णांचा चेहरा काळा-निळा. मला वाटलं आता हे गाडी वळवतात. चाचा जवळ आले, खिडकीतून अण्णांच्या लोंबणाऱ्या हाताकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. मग मागं वळून ओरडले, "चितेगाव, बिडकीन! आगे कोई नै बैठेगा, आगे बेटी है!" पुढची सीट त्यांनी आमच्यासाठी रिकामी ठेवली. त्या दिवसापासून ती तशीच राहिली.

लोकांना आधी मौज वाटली. "आगं बया, पोरगी गिअर टाकती," म्हणून बायका मागून माना उंच करायच्या. काहीजण घाबरून उतरून गेले. चितेगावच्या कारखान्यांत शिफ्टला जाणारे कामगार मात्र रोजचे झाले. मामांना कळलं तेव्हा त्यांनी घरी येऊन तमाशा केला. चार माणसांत नाक कापलंत म्हणाले, पोरीचं लगीन कसं होणार म्हणाले. अण्णा जेवत होते. जेवत होते, हेच आईला पुरेसं होतं. तिनं मामांना हातानं धरून बाहेर नेलं.

पण मी सुखात होते असं कुणी समजू नये. पोलिसांनी अडवलं तर? मी आजारी पडले तर? पुढं किती दिवस? माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि मी परीक्षेला बसलेच नाही. अण्णांचा जीव माझ्या तळव्याखालच्या त्या दांड्याला टांगलेला होता, आणि रात्री झोपेतही माझी मूठ मिटायची. त्यांना मात्र आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर झालो आहोत असं वाटायला लागलं होतं. ते जुन्या गोष्टी सांगायचे, हसायचे.

मग माझ्या तळव्याला कळलं. त्यांच्या आधी मला कळलं.

क्लच दाबल्यावर दांड्याची जी थरथर मऊ व्हायची, ती पुरती मऊ होईना. थोडीशी कुरकुर राहायची. मी टाकायला गेले की खालून हलकी खर्र. अण्णा दचकून म्हणायचे, "ध्यान कुठं हाय तुजं?" मी म्हणायची, चुकलं. मी चुकत नव्हते. त्यांचा डावा पाय तळापर्यंत पोचत नव्हता. दिवसागणिक थोडा कमी. मी आईला सांगितलं नाही. आईला सांगून काय झालं असतं? तिनं पुन्हा कोणाच्या घरी काय काय नेऊन ठेवलं असतं? मी अण्णांनाही सांगितलं नाही. एक हात गेला तर माणूस मरायला निघाला होता, आता पाय जातोय हे कुठल्या तोंडानं सांगणार? आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं? मी नुसती दांडा घट्ट धरून बसायची आणि मनातल्या मनात म्हणायची, दाबा, अण्णा, अजून थोडं, अजून थोडं.

त्या दुपारी आम्ही चितेगावहून शहराकडं येत होतो. शिफ्ट सुटलेली, गाडी मागून खचाखच भरलेली. एका चढावर वेग पडला. चौथ्यातून तिसऱ्यावर आणि तिसऱ्यातून दुसऱ्यावर यायला हवं होतं. तिसरा कसाबसा पडला. दुसऱ्यासाठी मी दांडा मोकळा करून घेतला आणि दुसरा जाईना. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. गाडी ना पुढच्या गिअरमध्ये ना मागच्या, चढाच्या मधोमध वेग मरून उभी राहिली आणि मागं सरकायला लागली. मागं एक ट्रक येत होता. अण्णांनी उजव्या पायानं ब्रेक मारला, मी हँडब्रेक ओढला. मागचे लोक ओरडत खाली उड्या टाकून पळाले, दोघांनी चाकांखाली दगड लावले. ट्रकवाला शिव्या देत बाजूनं निघून गेला.

इंजिन चालू होतं. बंद करता येत नव्हतं. आमच्या गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर, चार दिवसांपूर्वीच गेलेला होता, बंद झाली की धक्काच मारावा लागायचा, आणि चढावर धक्का मारणार कोण?

"टाक पहिला," अण्णा म्हणाले.

"जात नाही."

"टाक म्हणतो ना!"

"अण्णा, पाय दाबत नाही तुमचा."

मी हे बोलले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला दिसलं की त्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे. माझ्यासारखेच तेही गप्प बसले होते. त्यांनी खाली पायाकडं बघितलं. पाय क्लचवर ठेवलेला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

मी गादीवरून खाली सरकले, त्या तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकले, आणि दोन्ही हातांनी त्यांचा गुडघा धरून जोर लावला. क्लच तळाला गेला. पण आता माझे हात अडकले होते. अण्णांनी स्टिअरिंग सोडलं, उजवा हात आडवा आणला, पहिला टाकला आणि हँडब्रेक सोडला. मी गुडघा हळूहळू सोडत गेले. गाडी दगड मागं सोडून निघाली आणि कुंथत कुंथत चढाच्या माथ्यावर आली. तिथं त्यांनी ती न्यूट्रलला घेऊन हँडब्रेक ओढला.

लोक चढ चालून वर आले. रोजच्यातला एक कामगार अण्णांच्या खिडकीशी येऊन "येतो आण्णा" एवढंच म्हणाला आणि मागून आलेल्या दुसऱ्या जीपमध्ये सगळे बसून गेले. रस्ता मोकळा झाला. आम्ही दोघं आणि धडधडणारं इंजिन.

मग अण्णा उतरले. बॉनेटला धरत धरत, पाय फरफटत, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. "सरक तिकडं," म्हणाले. "आता तू चालीव."

मी सरकले. स्टिअरिंगमागं बसल्यावर रस्ता एकदम रुंद आणि भयंकर दिसायला लागला. मैदानात गोल फिरणं वेगळं. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. अण्णा माझ्या डाव्या बाजूला बसले. त्यांचा उजवा हात, चांगला हात, आपोआप दांड्याशी आला. आता तो बरोबर जागेवर होता. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी मूठ दांड्यावर ठेवली आणि सरळ होऊन बसले. "दाब," म्हणाले. मी क्लच दाबला, त्यांनी पहिला टाकला, हँडब्रेक सोडला, गाडी गचके खात निघाली. "दाब." मी दाबला, पण घाबरून लगेच सोडला. त्यांचा हात अर्ध्यात होता.

खर्रर्र.

तो आवाज त्यांच्या हातून झाला होता. मी त्यांना कधी तो आवाज करताना ऐकलं नव्हतं, त्यांनी स्वतःही ऐकला नसेल. त्यांनी हात मागं घेतला. दांडा मधेच राहिला, गाडी घरंगळत जाऊन कडेला थांबली. त्यांनी उजवा हात मेलेल्या हातावर ठेवला आणि बाहेर बघायला लागले. समोरून ट्रक येत होते, एकामागून एक, धूळ उडवत. ते म्हणाले, "बाई, मला इथंच उतरू दे. तू जा घरी. हळूहळू जमतं एका हातानं स्टिअरिंग धरायला, सगळ्यांला जमतं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. म्हणूनच मला सगळं कळलं, ते कशाकडं बघत होते तेही. रडावं, पाया पडावं, आईचं नाव घ्यावं, यातलं काही सुचलं नाही. मी चिडले. जन्मभर चिडतच आले, तशी चिडले. "अन् गिअर कोण टाकणार?" मी ओरडले. "माझे दोन्ही हात हितं अडकलेत! मला नाय येत एका हातानं! एक काढला तर गाडी ट्रकखाली जाईल माझी! तुम्हाला उतरायचं तर उतरा, मग मी पण हितंच बसते!"

ते माझ्या हातांकडं बघत राहिले. बोटं पांढरी पडली होती. एक ट्रक आम्हाला चाटून गेला आणि जीप सबंध हलली. मी हात काढले नाहीत.

मग त्यांचा हात दांड्यावर आला.

"दाब," ते म्हणाले. "आन् म्या टाकला म्हणल्याबिगर सोडू नको."

घरापर्यंत त्यांनी एकही गिअर वाजू दिला नाही. डावा पाय पुढं पुरता गेला, ते काठी घेऊन चालायला लागले. मामांचं गिऱ्हाईक आलं तसं परत गेलं. मी लायसन काढलं आणि गाडी शाळेच्या मुलींना न्या-आणायला लावली. अण्णा रोज सकाळी अंघोळ करून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसायचे, मूठ दांड्यावर, आणि मुली मागं दंगा करत असल्या तरी त्यांचं लक्ष माझ्या पायाकडं असायचं. वर्षं गेली अशी. मला एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं गिअर टाकता येतो, हे मी त्यांच्या हयातीत त्यांना कळू दिलं नाही.